म्हशीमार्फत संसार

आमच्या संघटनेच्या पत्रकात बाईच्या छळाचे प्रकार ठळक अक्षरांत छापलेले असायचे. मारहाण, उपाशी ठेवणं, माहेरून वस्तू आणायला लावणं, संशय घेणं, घराबाहेर काढणं. पत्रक मीच लिहिलेलं होतं. धुळ्यातल्या छापखान्यात उभं राहून प्रुफंही मीच तपासली होती. नव्वदच्या आसपासचे ते दिवस. नवरा नावाचा प्राणी जे जे करू शकतो ते सगळं त्या पिवळ्या कागदावर मावलेलं आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

त्यात म्हैस नव्हती.

ती पहिल्यांदा आली ती वडिलांना घेऊन. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. गावाने तिच्यावर आधीच पुरेसं बोलून घेतलंय. माहेर धुळ्याजवळचं सोनगीर, सासर जळगावजवळचं असोदा. म्हणून मी तिला सोनगीरची म्हणते आणि तिच्या नवऱ्याला असोदेकर. नवऱ्याला इतकं मानाचं नाव द्यायचं कारण नाही, पण दुसरी जी नावं सुचतात ती छापता येणार नाहीत.

आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत होतं. खाली गिरणी सुरू असली की वर कुजबुजून काही सांगणं अशक्य. बायकांना आपलं दुःख अक्षरशः ओरडून सांगावं लागे. आणि पट्टा सुटून गिरणी मध्येच थांबली की शेवटचं वाक्य खाली डबे घेऊन उभ्या असलेल्या अख्ख्या रांगेला ऐकू जाई.

"मारतो का?" मी ओरडून विचारलं.

"नही."

"दारू?"

"नही. सुपारीबी खात नही."

"दुसरी कोणी बाई?"

यावर तिच्या वडिलांनीच, म्हणजे आबांनी, उत्तर दिलं. "त्याले कोन इचारस, ताई."

"मग करतो तरी काय?"

"बोलस नही."

मी पेन खाली ठेवलं. न बोलणारे नवरे छळात धरायचे तर पिंपळनेरपासून पार भुसावळपर्यंत घराघराला समन्स काढावं लागलं असतं. आमच्या घरातल्या दोन काकांसकट.

"कोणाशीच बोलत नाही?"

"बठ्ठासंगे बोलस. मनासंगे नही."

"सगळ्यांशी बोलतो, मग तुला काही सांगायचं असलं तर?"

तिने आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे पाहिलं. नेमकी तेव्हाच गिरणी थांबली.

"म्हशीले सांगस," ती ओरडली.

खालच्या रांगेत माना वर झाल्या. मग कोणीतरी बाई म्हणाली, "अगं बाई, कोन?"

त्यानंतर तिने जे सांगितलं ते असं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात असोद्याच्या मळ्यात भरताचा बेत होता. भरताची ती मोठी हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, आणि पाव्हणे मंडळी वाट बघत बसलेली. वांगी मुसळाने ठेचायचा मान असोदेकराने स्वतःकडे घेतला, कारण बहिणीचा नवरा पहिल्यांदाच भरताला आला होता. जावईबापूंसमोर जोर दाखवायला त्याने असा काही घाव घातला की एक आख्खं वांगं सालीसकट उडालं आणि जावईबापूंच्या कपाळावर जाऊन बसलं. सगळे सुन्न. सासूने डोळे मिटून घेतले. जावईबापू कपाळावर वांगं घेऊन तसेच ताठ बसून राहिले, कारण मानाचा माणूस स्वतःच्या हाताने वांगं काढत नाही. आणि ही नवी सून हसली.

एवढंच. हसू आलं, हसली.

त्या दिवसापासून असोदेकर तिच्याशी थेट बोलला नाही. संध्याकाळी शेतातून आला की ओसरीला लागून असलेल्या गोठ्यात जायचा, म्हशीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "म्हशी व, सांग तिले, डाळीत मीठ नही." "सांग तिले, उद्या डबा लवकर पाह्यजे." म्हैस रवंथ करायची. सून घरातून ऐकायची आणि कामाला लागायची. म्हैस चरायला गेलेली असली तर तो उपाशी बसून राहायचा, पण तोंड उघडायचा नाही. ती म्हैस आटल्यावर विकली आणि दुसरी आणली. तिला त्याने पहिल्या दिवशी चुलीकडे बोट दाखवून सांगितलं, "ती जी तिथं बसली ना, तिले सांगायचं."

"आणि तू काय करायचीस?" मी विचारलं.

"मी समोर जाईसन बोलू. तो आयकाच नही. एकदाव मीबी म्हशीले सांगं, म्हशी, त्याले सांग, पोट दुखस मनं. तं त्यानी म्हैस सोडी आनि पाणी पाजाले लई गया."

म्हणजे म्हैससुद्धा त्याच्याच मालकीची. मी तिथल्या तिथे नवीन पत्रकाचा मथळा लिहिला: *घरात बाईला दावणीइतकाही हक्क नाही.* माझ्या सहकारी मैत्रिणीने तो वाचला आणि म्हणाली, "हे चौकात वाचलं तर लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत. हसणाऱ्यांची पण यादी करू.

आमच्या केसेस एक वयस्कर वकील चालवायचे, चहाच्या आणि आमच्या आरडाओरड्याच्या मोबदल्यात. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, घटस्फोटाला क्रूरता हे कारण कायद्यात आहे. मनाला दिलेला त्रासही त्यात बसतो. पण कोर्टाला काहीतरी हाताला लागेल असं लागतं. आपण असं करू, दोन फटके लिहू. फार नाही, दोनच. सगळेच लिहितात."

"त्यानी माले मारं नही," सोनगीरची म्हणाली.

"अगं, मारलं नाही हे मलाही कळलं. लिहायचं फक्त."

"मी खोटं बोलाव नही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी तिला समजावेन. मी उलट त्यांनाच समजावलं. बाईच्या अंगावर वळ उठल्याशिवाय ज्या कायद्याला तिचं दुःख दिसत नाही त्या कायद्याला चष्मा लागलाय, असं मी म्हणाले. हे वाक्य मी नंतर दोन सभांमध्ये वापरलं. नानांनी आपला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बरं. म्हैस तर म्हैस."

कोर्टाबाहेर लिंबाखाली बसणारा टायपिस्ट असे अर्ज डोळे मिटून टाइप करायचा. वरचा मजकूर वाचायचाच नाही, सवयीने बोटं चालायची. आमच्या अर्जातही त्याने बिनदिक्कत 'जाबदार हा दारूच्या नशेत अर्जदारास लाथाबुक्क्यांनी' इथपर्यंत मजल मारली होती. सोनगीरचीने चौथीपर्यंतचं शिक्षण पणाला लावून ती ओळ बोटाने वाचली आणि कागद मशिनीतून ओढून काढला.

"हाई आमनं नही."

"अहो, सगळ्यांचं हेच असतं," तो म्हणाला.

"आमनं म्हशीनं शे."

टायपिस्टने नवीन कागद चढवला. 'जाबदार हा अर्जदार हिच्याशी थेट न बोलता दावणीच्या म्हशीस उद्देशून बोलत असे, व सदर बोलणे अर्जदारास ऐकू जाईल अशा बेताने मोठ्याने बोलत असे.' टाइप करून झाल्यावर त्याने ती ओळ चक्क वाचून काढली. "इतकी वर्षं बसतोय इथं," तो म्हणाला, "या मशिनीतून म्हैस पहिल्यांदा गेली."

लग्न सोनगीरला लागलं होतं म्हणून केस धुळ्याच्या कोर्टात उभी राहिली. असोदेकर जळगावहून वकील घेऊन आला. वकिलाच्या केसांना इतकं तेल होतं की पंख्याखाली बसूनही एक केस हलत नव्हता. असोदेकर मात्र मला वाटला होता तसा नव्हताच. मी मनात मोठ्या मिशांचा राक्षस धरून चालले होते. हा किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी, आणि शिपायाला सुद्धा "राम राम भाऊ" म्हणणारा. बायको समोरून गेली की तेवढा भिंतीकडे बघायचा.

तेलकट वकिलाने पहिल्याच तारखेला कोर्ट हसवलं. "साहेब, अर्जातलं सगळं मान्य केलं तरी काय निघतं? जे काही बोललं गेलं ते म्हशीला. क्रूरता झाली असलीच तर ती म्हशीवर झाली. म्हैस अर्जदार नाही."

सगळे हसले. मागच्या बाकावरचे पक्षकार हसले, स्टेनो हसला, न्यायाधीश साहेबही मिशीत हसले. मी उभी राहून म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे ते कोर्टाने सांगावं." शिपायाने मला खांद्याला धरून बसवलं. नानांनी मागे न बघता हात जोडले, ते कोर्टाला होते की मला, कळलं नाही.

मग नानांनी तिला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "म्हशीला काय काय सांगायचे?"

ती सांगत गेली. मीठ, डबा, पाणी. लोक हसतच होते. शेवटी ती म्हणाली, एका पावसाळ्यात आपल्याला ताप भरला, उठवेना. तो गोठ्यात उभा राहिला आणि म्हणाला, म्हशी व, तिले सांग, मरायचं असंन तर माहेरी जाऊन मर.

तेव्हा कोणी हसलं नाही. न्यायाधीश साहेबांनी स्टेनोला सांगितलं, "हे जसंच्या तसं घ्या."

मला वाटलं, झालं, जिंकलो. बाहेर लिंबाखाली आम्ही शेव-मुरमुरे खात बसलो होतो. मी तिला पुढचं समजावत होते, शिवणवर्ग, स्वतःच्या पायावर उभं राहणं वगैरे. ती मुरमुऱ्यातले दाणे वेचून आबांना देत होती. मधेच म्हणाली, "ताई, त्यानी माले एकदाव हाक मारी ना, तं मी केस सोडी देसू."

"काय?"

"मानूस वाईट नही शे तो. आडमुठा शे. एकदाव मनाकडे देखीसन बोलना ना, बस. मी चालनी जासू."

मी मुरमुऱ्यांची पुडी खाली ठेवली. मी तिला सांगितलं की आडमुठेपणा हाच छळ असतो, की एका हाकेवर आयुष्य ओवाळून टाकायचं नसतं, की आमचं पत्रक याच मानसिकतेविरुद्ध आहे. तिने सगळं शांतपणे ऐकलं. "तुमनं बरोबर शे," ती म्हणाली, "पन मनं बी मनं शे." आबा तोवर दाणे खात होते. त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही.

म्हणजे आता केस अशी झाली: त्याचं न बोलणं हा आमचा पुरावा, आणि तो एकच शब्द बोलला तर आमची हार. मी त्या दिवसापासून दर तारखेला असोदेकराच्या तोंडावर नजर ठेवून बसायला लागले. त्याला खोकला आला तरी मला धडकी भरायची.

अशात श्रावण आला, आणि श्रावणाबरोबर कानबाई.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे लावून, नथ घालून, लुगडं नेसवून चौरंगावर बसवायची. मुंबई-सुरतेला गेलेली भाऊबंदकी, म्हणजे एका कुळाचे सगळे भाऊबंद, त्या दिवशी घरी हजर. घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे पुरण भरलेल्या जाड पोळ्या, करायचे. हे रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. घरच्यांनीच संपवायचे.

त्याच्या आदल्या आठवड्यात असोद्याची सासू स्वतः सोनगीरला आली. आबांच्या ओसरीवर बसली आणि म्हणाली, "पोरी, कोर्टाचं कोर्टात राहू दे. कानबाई काही माह्या पोराची नही. कुळाची हाये. आपल्याकडं सुनांच्या नावानं बी मुठी घालतात. तुही मूठ घातली. आता तो रोट कोन खाईन?"

निरोप मिळाल्यावर मी धावत सोनगीर गाठलं. नानांनी मला ठणकावून सांगितलं होतं की क्रूरता बायकोने माफ केली असं दिसलं तर अर्जच निकालात निघतो. सासरी जाऊन जेवलीस की त्यांचा वकील नाचेल. हे मी तिला समजावलं.

"मी नवराकडे जात नही," ती म्हणाली. "कानबाईकडे जास. कानबाईनी मनं काय वाकडं करं?"

"कानबाई म्हणजे नारळ आहे," मी म्हणाले. मी तेव्हा विज्ञाननिष्ठ होते, अजूनही आहे.

"हां," ती म्हणाली, "पन मना नावना रोट शे."

याच्यापुढे माझं पत्रक चाललं नाही. शेवटी एवढंच ठरलं की मी पहारा म्हणून बरोबर जाणार आणि आरती झाल्यावर दिवस असताना दोघी निघणार.

असोद्याला पोचलो तेव्हा घरात केळीच्या खांबांचा मांडव, बायका लग्नातले शालू नेसून, आणि ओसरीवर जळगावहून आणलेला फोटोग्राफर. तो बघताच मला सगळा डाव कळला. सासूने सुनेला कानबाईसमोर बसवलं, लेकाला तिच्या बाजूला ढकललं. फोटोग्राफर म्हणाला, "जवळ सरका. जरा हसा." असोदेकर फोटोग्राफरला म्हणाला, "तिले सांगा सरकाले." फोटोग्राफरने सांगितलं. ती सरकली नाही. मी चौकटीत शिरून फोटो बिघडवायचा प्रयत्न केला, पण कोपऱ्यापर्यंतच पोचले तोवर फ्लॅश उडाला.

मग पानं मांडली. रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. मी भाऊबंदकीतली नाही म्हणून मला पान नाही. मी दाराशी बसून त्या वासात जवळजवळ वेडी झाले. पूर्ण खानदान शोषक वर्गात मोडतं, पण गंगाफळाची भाजी उत्तम झालेली होती, हे वासावरून कळत होतं. एका म्हाताऱ्या आत्याला माझी दया आली. तिने मला चहा आणून दिला आणि कानात म्हणाली, "काय करू माय, तुह्या नावाची मूठ नही."

सोनगीरची पानावर बसली, पण हात लावेना. सगळे थांबले. सासू लेकाला म्हणाली, "बोलव तिले. म्हन, खाय."

अख्खी भाऊबंदकी असोदेकराकडे बघायला लागली. ढोलकीवाल्याने सुद्धा हात थांबवला. मी दाराशी श्वास रोखून बसले. सोनगीरचीने मान वर केली आणि पहिल्यांदाच मी तिला त्याच्याकडे सरळ बघताना पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

असोदेकर उठला. कानबाईसमोर गेला, हात जोडले.

"कानबाई माय," तो म्हणाला, "तिले सांग, रोट खाऊन घे."

ढोलकीवाला खाली बघायला लागला. सोनगीरचीने मान खाली घातली आणि रोट खायला लागली. शेवटचा तुकडा खीर लावून संपवला, हात धुतले, कानबाईला नमस्कार केला आणि सासूला म्हणाली, "मी निंघस, आत्याबाई." जळगावपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी बोलत होते, पण ते मोजण्यात अर्थ नाही.

पुढच्या तारखेला तेलकट वकिलाने फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला. "साहेब, कानबाईचा रोट फक्त घरची माणसं खातात. बाईंनी तो खाल्ला. म्हणजे त्या स्वतःला त्याच घरच्या मानतात. मागचं सगळं माफ झालं. अर्ज फेटाळावा."

न्यायाधीश साहेब साताऱ्याकडचे. कानबाई त्यांना माहीत नव्हती. त्यांनी "रोट म्हणजे नेमकं काय?" एवढंच विचारलं आणि कोर्टाचा ताबा गेला. दोन्ही वकील एकदम सांगायला लागले. स्टेनो म्हणाला, त्यांच्याकडे मुठी फक्त पुरुषांच्या नावाने घालतात. शिपाई म्हणाला, हे चुकीचं आहे. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने, ज्याची केस बांधाची होती, उठून विचारलं की लग्न झालेल्या लेकीला रोट चालतो का, कारण त्याच्याकडे यावरून भावजयीने बोलणं टाकलंय. नाना म्हणाले, चालत नाही. तेलकट वकील म्हणाले, चालतो. त्या दिवसभरात दोघांमधला तेवढाच खरा वाद. साहेबांनी टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांना खाली बसवलं.

मग त्यांनी फोटो उजेडात धरला. "आणि ह्या कोण? कोपऱ्यात, रागावलेल्या?"

"मी," मी म्हणाले.

मला साक्षीला बोलावलं. मी पाहिलं ते सांगितलं, आणि त्याबरोबर स्त्रियांच्या दुय्यम स्थानाबद्दलही थोडं सांगितलं. साहेब स्टेनोला म्हणाले, "दुसरा भाग घेऊ नका."

"तुम्ही रोट खाल्ला का?" तेलकट वकिलाने मला विचारलं.

"नाही. आम्हाला भाऊबंदकीबाहेर ठेवण्यात आलं."

"म्हणजे तुम्हाला दिला नाही, आणि त्यांना दिला. कारण त्या घरच्या."

मी तोंड उघडलं, पण नाना उठले होते. त्यांनी असोदेकराला पिंजऱ्यात बोलावलं.

"त्या दिवशी बायकोला जेवायला तुम्ही बोलावलंत?"

"हो."

"कोणत्या शब्दांत?"

असोदेकर सरळ माणूस. त्याला खोटं सांगायचं सुचलंच नाही. "म्हटलं, कानबाई माय, तिले सांग, रोट खाऊन घे."

"हे कोणाला म्हणालात?"

"कानबाईले."

"आणि बायकोला?"

"तिले काहून म्हनू? तिनं आयकलं ना."

कोर्टात हशा उसळला, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. अशा केसमध्ये समेट होतो का ते पाहणं न्यायाधीशाला भाग असतं, एवढं मला नानांमुळे ठाऊक होतं. त्यामुळे आता काय येणार ते मला कळलं.

"तुम्हाला बायको परत नांदायला हवी आहे?" साहेबांनी असोदेकराला विचारलं.

"हो साहेब."

"समोर उभी आहे. तिच्याकडे बघा आणि बोलवा. मी थांबतो."

साहेब खरंच थांबले. सगळं कोर्ट थांबलं. सोनगीरचीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. आबा बाकावरून अर्धे उठले. आणि मी, विज्ञाननिष्ठ, संघटनेची कार्यकर्ती, नवसाविरुद्ध पत्रक काढलेली, कानबाईला नवस बोलायच्या बेतात होते. पण कशासाठी बोलायचा ते ठरेना. तो बोलू नये म्हणून, की तिला एकदा तरी ती हाक मिळावी म्हणून.

असोदेकराने तिच्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला. तोंड उघडलं. त्यातून "ह" सारखं काहीतरी आलं आणि थांबलं. हातातली टोपी त्याने पिळून काढली. एवढा जाणता माणूस, त्याच्या कपाळावर घाम आला. आणि मग, दमून, सुटका झाल्यासारखा तो आपल्या वकिलाकडे वळला.

"साहेब, तिले सांगा ना, घरी चाल म्हना."

तेलकट वकिलाने फाइलमध्ये डोकं घातलं.

"वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "आता म्हशीच्या जागी तुम्ही आहात. तुम्ही सांगता, की मी निकालाची तारीख देऊ?"

वकील फाइल मिटून खाली बसले. सोनगीरचीने बोटाचा पदर सोडला. "साहेब," ती म्हणाली, "देखं मी. तो मनासंगे नही बोलना." तिच्या आवाजात रागही नव्हता आणि रडूही नव्हतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. साहेबांनी लिहिलं की समोरचं माणूस जिवंत असताना ते नसल्यासारखं वागवणं ही क्रूरताच आहे, आणि रोट खाणं हा बाई आणि देवी यांच्यातला व्यवहार आहे, त्यात नवऱ्याला माफी येत नाही. मला तो निकाल पत्रक म्हणून छापायचा होता. सोनगीरची म्हणाली, "नका छापू. त्याले लाज वाटी." मी चिडले. अजूनही त्या गोष्टीवर मी पूर्ण शांत झालेली नाही.

निकालाच्या दिवशी आबा सोनगीरलाच थांबले होते, म्हणून तिला घरी सोडायला मी त्या वाटेने जाणाऱ्या शिरपूरच्या गाडीत बसले. तासभर तरी मिळेल, पुढच्या आयुष्याबद्दल नीट बोलू, असा माझा विचार होता. पण तिकीट काढताना तिने कंडक्टरला विचारलं, "भाऊ, तुमनं गाव कोनतं?" तो पिंपळनेरचा निघाला. मग पिंपळनेरचा तांदूळ, त्याच्या आईचे गुडघे, गुडघ्यांना कोणतं तेल चांगलं. मग शेजारच्या बाईची सून, तिचं बाळ, बाळाच्या टाळूला काय लावता. ती विचारत होती, सांगत होती, हसत होती. कोणाला मधे बोलायची फट मिळत नव्हती. मलाही नाही, आणि मी भाषणांना सरावलेली बाई आहे. कंडक्टर पुढच्या सीटला टेकून आईच्या गुडघ्यांबद्दल इतका रंगला की घंटी मारायची विसरला. सोनगीरचा किल्ला मागे गेला तेव्हा कुठे थांबा चुकल्याचं आमच्या लक्षात आलं.

त्याने आम्हाला पुढे हायवेवर उतरवलं, दहादा माफी मागितली आणि तेलाचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. आम्ही ट्रकांच्या धुळीतून उलट चालत निघालो. ती बोलतच होती.

आबा फाट्यावर धुळ्याच्या बाजूला तोंड करून उभे होते. डोळ्यांवर हात धरून येणारी प्रत्येक गाडी बघत होते. आम्ही पाठीमागून येत होतो, बरंच लांब होतो.

ती थांबली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली, "आबा होऽऽऽ". दोन ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले. तिसऱ्या हाकेला आबा वळले.